ओट्यावरची वेस्टा : प्रस्तावना

इ.स. ३९२ च्या नोव्हेंबरमध्ये, ८ तारखेला, रोमन सम्राट थिओडोसियसच्या नावाने एक कायदा निघाला. देवळांमधले पशुबळी त्याने बंद केलेच, पण तो उंबरा ओलांडून घरातही शिरला. माणूस कोणत्याही दर्जाचा असो, त्याने एकांतातसुद्धा घर राखणाऱ्या लारला अग्नी दाखवू नये, घरधन्याच्या जीनियसला, म्हणजे त्याच्या रक्षक देवतेला, मद्य वाहू नये, कोठाराच्या पेनातेस देवांना धूप देऊ नये, दिवे लावू नयेत, ऊद ठेवू नये, माळा टांगू नयेत, असे एकेका कृतीचे नाव घेऊन त्यात बजावले होते. धूप जाळल्याचे सिद्ध झाले की ते घर सरकारजमा होणार होते.

मराठी माणूस हा कायदा वाचतो तेव्हा त्यात त्याला स्वतःचे देवघर दिसते. दिवा, उदबत्ती, हार. सोळाशे वर्षांपूर्वी राज्याला धोकादायक वाटलेली ही यादी आपल्या घरांत रोज सकाळी आंघोळ झाल्यावर, ऑफिसची बस गाठायच्या आधी उरकली जाते. रोमन लोकांचा घरगुती धर्म संपला तो असा, हातातल्या कृतींवर बंदी येऊन. त्या कृती ज्यांच्या हातात अजून जिवंत आहेत अशा लोकांमध्ये आपण आहोत, आणि म्हणून त्या धर्माकडे पाहण्याची एक वेगळी जागा आपल्याला आपसूक मिळालेली आहे.

ही पुस्तिका त्या धर्मातल्या एकाच देवतेविषयी आहे. वेस्टा ही चुलीची आणि चुलीतल्या अग्नीची रोमन देवी. तिचा मान साधेपणाने, रोजच्या स्वयंपाकघरात, कोणत्याही पुरोहिताशिवाय कसा राखता येईल हे या पुस्तिकेत सांगितले आहे. मी बेंगळुरूच्या मारतहळ्ळीत राहते आणि इथल्याच ओट्यावर हा विधी करते. वेस्टाबद्दल वाचून जेवढे कळते त्याहून अधिक ओटा पुसताना, वात लावताना, पहिला घास बाजूला काढताना कळते, हे मला या विधीने शिकवले. या प्रस्तावनेचा गाभाही तोच आहे.

आधी देवीची ओळख. रोमच्या फोरममध्ये, म्हणजे मुख्य चौकात, वेस्टाचे देऊळ होते आणि ते गोल होते. आत मूर्ती नव्हती. सणवारांवर काव्य लिहिणारा ओव्हिड सांगतो की तिथे देवीची प्रतिमा असणार असे त्यालाही बरीच वर्षे वाटत होते. मग समजले की घुमटाखाली फक्त अग्नी आहे. हा अग्नी राखायला सहा स्त्रिया नेमलेल्या असत, त्यांना वेस्टल म्हणत. सहा ते दहा वर्षे वयाच्या मुलींमधून त्यांची निवड होई आणि सेवा तीस वर्षांची असे : दहा वर्षे शिकायचे, दहा वर्षे करायचे, दहा वर्षे नव्या मुलींना शिकवायचे. त्या झऱ्याचे पाणी भरून आणत, देऊळ धूत, अग्नीत लाकूड घालत आणि खारवलेले पीठ तयार करत. रोममधल्या सार्वजनिक यज्ञांत बळीच्या डोक्यावर हेच पीठ भुरभुरले जाई. साम्राज्याचे मोठमोठे सोहळे या सहा जणींच्या जात्यावरून आलेल्या मूठभर पिठाशिवाय पुरे होत नसत.

दरवर्षी १ मार्चला, म्हणजे जुन्या रोमन वर्षाच्या पहिल्या दिवशी, हा अग्नी नव्याने चेतवला जाई. मध्येच विझला तर तो दुसऱ्या विस्तवावरून पेटवून चालत नसे. शुभ मानलेल्या झाडाच्या लाकडावर लाकूड घासून ठिणगी काढायची आणि ती काशाच्या चाळणीतून देवळात न्यायची, असा नियम होता. आपल्याकडच्या यज्ञांतले अरणीमंथन ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे परके वाटणार नाही. फ्रेंच अभ्यासक जॉर्ज द्युमेझिल यांनी या साम्याचा माग आणखी पुढे नेला. वैदिक यज्ञशाळेत घरधन्याच्या गार्हपत्य अग्नीचे कुंड गोल असते आणि देवांना आहुती पोचवणाऱ्या आहवनीय अग्नीचे चौकोनी. रोममध्ये वेस्टाचे देऊळ गोल आणि इतर देवळांच्या जागा चौकोनी आखलेल्या. वेस्टा ही रोम नावाच्या एका मोठ्या घराची गार्हपत्य आहे, असे त्यांचे प्रतिपादन. ते पूर्णपणे मान्य करा किंवा करू नका, त्यामुळे एक गोष्ट नजरेत भरते : राज्याच्या मध्यभागी ठेवलेला हा अग्नी मुळात घरातल्या चुलीचा आहे.

या सार्वजनिक पूजेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अग्नी विझू दिला तर वेस्टलला चाबकाचे फटके बसत. ब्रह्मचर्य मोडल्याचा ठपका आला तर तिला जिवंत पुरत, आणि राज्यावर संकट आले की असा ठपका ठेवायला निमित्त लागत नसे. लहान मुलीला आईबापांपासून तोडून तीस वर्षांसाठी बांधून टाकणाऱ्या या प्रथेचा गौरव करण्यासारखे काही नाही. या पुस्तिकेतली वेस्टा फोरममधली नव्हे, ती घरातली आहे.

घरातल्या चुलीच्या मानाबद्दलचा एक जुना आणि सगळ्यात उपयोगी मजकूर एका शेतीच्या पुस्तकात सापडतो. इ.स.पू. दुसऱ्या शतकात केटो या रोमन लेखकाने शेतमळा कसा चालवावा यावर एक पुस्तक लिहिले. मळ्याच्या कारभाऱ्याच्या बायकोची कामे सांगताना तो म्हणतो की रोज रात्री झोपण्याआधी तिने चुलीभोवती झाडून चूल स्वच्छ ठेवावी; महिन्याच्या तीन ठरलेल्या दिवशी आणि सणाला चुलीवर माळ घालावी; आणि त्या दिवशी घराच्या लारची आपल्या ऐपतीप्रमाणे प्रार्थना करावी. संपूर्ण विधान एवढेच. झाडणे, माळ घालणे, ऐपतीप्रमाणे बोलणे. ज्या बाईसाठी हे लिहिले ती बहुधा गुलाम होती, आणि मळ्यावरची चूल तिच्या हाती होती.

ओव्हिडही घरातले चित्र देतो. पूर्वी लोक चुलीपुढे लांब बाकांवर बसून जेवत आणि देव आपल्या पंगतीला आहेत असे मानत, असे तो लिहितो. त्याच्या स्वतःच्या काळातही एका स्वच्छ ताटलीत वेस्टासाठी अन्न पाठवले जाई. रोमन कवी होरेसची एक कविता फिडिली नावाच्या खेड्यातल्या बाईला उद्देशून आहे. तिचा आशय असा की मोठा बळी देण्याची ऐपत नसली तरी निर्मळ हाताने वाहिलेले पीठ आणि विस्तवात तडतडणारे मीठ घरच्या देवांना पुरते. दृष्ट काढून मीठ-मोहऱ्या चुलीत टाकणाऱ्या आजीच्या शेजारी जो वाढला आहे त्याला तो तडतडाट ओळखीचा आहे.

पाँपेईत अशा घरांच्या भिंती अजून उभ्या आहेत. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गेलेल्या या गावात बऱ्याच स्वयंपाकघरांत भिंतीवर रंगवलेली देवस्थाने सापडली. मध्ये डोक्यावरून वस्त्र घेतलेला जीनियस, दोन्ही बाजूंना नाचणारे दोन लार, हातात मद्याचे शिंग, आणि खाली वेदीकडे सरपटत येणारे नाग. श्रावणात आपल्या देवघराशेजारी चिकटवला जाणारा जिवतीचा कागद डोळ्यांपुढे आणा : नृसिंह, कालियावर उभा कृष्ण, पोरे खेळवणाऱ्या जिवत्या, बुध-बृहस्पती. दोन्ही ठिकाणी घराची राखण करणाऱ्यांचा मेळा एका चौकटीत बसवलेला आहे, दोन्ही ठिकाणी नाग आहे, आणि दोन्ही चित्रे घरच्या माणसांनी रोज पाहावीत म्हणून आहेत, कलादालनात मिरवण्यासाठी नव्हेत. या चित्रांमध्ये वेस्टाची आकृती क्वचितच दिसते. तिला चित्राची गरजही नव्हती. चूल शेजारीच होती.

मग आपण तिची पूजा का करावी, हा प्रश्न उरतो. अन्नपूर्णा घरात असताना रोमची देवी कशाला? मारतहळ्ळीतल्या मराठी घरांमध्ये हा प्रश्न मला अनेकांनी प्रेमाने विचारला, आणि त्याचे उत्तर या पुस्तिकेला दिले पाहिजे.

पहिले उत्तर इतिहासाचे. रोम आपल्याला वाटते तेवढे दूर नव्हते. मारतहळ्ळीच्या पश्चिमेला लागूनच एचएएलचा जुना विमानतळ आहे. त्या एचएएल परिसरात आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला यशवंतपूरला ऑगस्टस, टायबेरियस आणि क्लॉडियस या सम्राटांची नाणी सापडली आहेत. टायबेरियसच्या चांदीच्या नाण्यावर सम्राटाची एक पदवी कोरलेली असते : मुख्य पुरोहित. वेस्टल मुलींची निवड करणारा आणि त्यांच्यावर अधिकार चालवणारा हाच तो पुरोहित. वेस्टाच्या अग्नीची जबाबदारी ज्याच्या पदवीत होती त्याचे नाणे या मातीत पुरले गेले होते.

महाराष्ट्रात तर देवतांनीच प्रवास केलेला आहे. कोल्हापुरात पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीला समुद्रदेव पॉसायडनची, म्हणजे रोमनांच्या नेपच्यूनची, काशाची छोटी मूर्ती मिळाली. ती टाउन हॉलच्या संग्रहालयात आहे. उलट दिशेने, १९३८ मध्ये पाँपेईतल्या एका घरात भारतीय बनावटीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. ती साधारण वीतभर उंचीची असून आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. आधी तिला लक्ष्मी म्हणत, आता बरेच अभ्यासक यक्षी मानतात. तिच्याशी जवळचे नाते सांगणाऱ्या हस्तिदंती मूर्ती जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला आणि धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला सापडल्या, त्यामुळे ती मराठवाड्यातल्या कारागिराच्या हातची असावी असा तर्क केला जातो. ज्या गावात भिंतीवरच्या लारांना रोज धूप मिळत होता त्याच गावातल्या एका घरात आपल्याकडची ही मूर्ती होती. रोमन नकाशाच्या एका मध्ययुगीन प्रतीवर केरळातल्या मुझिरिस बंदराशेजारी ऑगस्टसचे मंदिरही दाखवलेले आहे. देवांची ही ये-जा दोन्ही बाजूंनी होती.

दुसरे उत्तर धर्माचे. रोमन लोक बाहेरच्या देवतांना घरात घेत. इ.स.पू. २०४ मध्ये त्यांनी आशिया मायनरमधून सिबिली देवीला समारंभाने आणले. पुढे इजिप्तची आयसिसही आली. नवी देवता आली म्हणून जुनीला उठावे लागत नसे. आपल्याकडच्या देव्हाऱ्याचाही हाच स्वभाव आहे. कुलदैवताचे टाक, माहेरहून आलेली अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण, तिरुपतीहून आणलेला बालाजी, शिर्डीचा फोटो हे सगळे एका फळीवर नांदतात. वेस्टाला तर फळीवर जागाही लागत नाही, कारण तिची मूर्तीच नसते. अन्नपूर्णा अन्न देणारी आहे, तिच्या हातात पळी आहे. वेस्टा अन्न शिजवणारी आच आहे. एकीला वंदन करताना दुसरीला दूर करावे लागत नाही.

तिसरे उत्तर माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाचे आहे. ज्या घरगुती धर्माला कायद्याने विझवले त्याची आठवण ठेवणारे वारस त्याच्या पाठीमागे राहिले नाहीत. ३८२ मध्ये सम्राट ग्रेशियनने वेस्टलांचे उत्पन्न काढून घेतले, दहा वर्षांनी घरातले दिवेही गुन्हा ठरले, आणि पिढ्यान्पिढ्या आईकडून मुलीकडे जाणाऱ्या कृती थांबल्या. आज युरोप-अमेरिकेत रोमन धर्म पुन्हा आचरणारे लोक आहेत. नोव्हा रोमा ही त्यांची संस्था १९९८ मध्ये स्थापन झाली. त्यांना ग्रंथ वाचून एकेक कृती नव्याने जुळवावी लागते. डोके झाकून पूजा करायची, उजवीकडे वळायचे, पहिला घास वेगळा काढायचा, नवस बोलायचा आणि फेडल्याचे जाहीर करायचे, हे सगळे ते पुस्तकातून शिकतात. आपल्याकडे पदर डोक्यावर घेणे, प्रदक्षिणा, नैवेद्य, चित्राहुती, काकबळी, नवस हे शिकवावे लागत नाही. एका विझवलेल्या परंपरेला तिच्या ओळखीच्या हातांनी पुन्हा मान मिळावा, एवढी सद्भावना या विधीमागे आहे.

आता मारतहळ्ळीकडे येते, कारण ही पुस्तिका इथल्या स्वयंपाकघरांसाठी आहे. आउटर रिंग रोड आणि ओल्ड एअरपोर्ट रोड जिथे भेटतात त्या या भागात पुण्याहून, नागपूरहून, कोल्हापूरहून, बेळगावहून नोकरीसाठी आलेली हजारो माणसे भाड्याच्या घरांत राहतात. घर बदलते, मालक बदलतो, देव्हारा खोक्यात गुंडाळून दुसऱ्या मजल्यावरून सातव्या मजल्यावर जातो. पण नव्या घरात पाऊल टाकले की पहिल्यांदा शेगडी पेटवून दूध उतू घालायचे, हे मराठी घरही करते आणि शेजारचे कन्नड घरही करते. सामान लागायच्या आधी चूल जागी व्हावी असे दोघांनाही वाटते. या एका रिवाजात वेस्टाचे सगळे तत्त्व आले : चार भिंतींचे घर होते ते त्यात अग्नी आल्यावर.

पीजीत राहणाऱ्या मुलामुलींना मात्र चूल नसते. खोलीत इंडक्शन ठेवायलाही बंदी, जेवण मेसमध्ये नाहीतर दर्शिनीत उभ्याने. त्यांनी स्वतःला या विषयाबाहेरचे समजू नये. रोममधली बहुसंख्य माणसे मोठ्या वाड्यांत राहत नव्हती. अनेक मजली भाड्याच्या इमारतींमध्ये, एकेका खोलीत त्यांचे संसार होते. धड स्वयंपाकघर नसे, कोळशाची शेगडी असली तर असली, आणि गरम जेवण रस्त्यावरच्या खानावळीतून यायचे. आगीची भीती इतकी की ऑगस्टसने इ.स. ६ मध्ये रात्री गस्त घालणारी अग्निशमनाची पथके उभी केली. त्या खोल्यांमधल्या माणसांनाही घराचे देव होते. जिथे चूल नाही तिथे एक दिवा पुरतो, आणि जिथे दिव्यालाही मनाई आहे तिथे रोजच्या जेवणातला पहिला घास कृतज्ञतेने बाजूला काढणे पुरते.

विधी असा आहे. सकाळी ओटा आणि शेगडी स्वच्छ पुसायची. बर्नरची जाळी, कडेला सांडलेले दूध, फोडणीचे तेल हे सगळे पुसायचे. केटोच्या शब्दाला मान द्यायचा तर हेच पूजेचे पहिले अंग आहे. हात धुऊन डोक्यावर पदर, ओढणी किंवा उपरणे घ्यायचे. मुख्य दार उघडून जानुस या दाराच्या देवाचे नाव घ्यायचे, कारण रोमन प्रार्थनेची सुरुवात त्याच्यापासून होते आणि शेवट वेस्टापाशी. रोमन लेखक सिसेरोने याचे कारण दिले आहे : वेस्टा घराच्या अगदी आतल्या गोष्टींची राखणदार आहे. श्रीगणेशाने आरंभ करणाऱ्या आपल्या लोकांना पहिला मान कोणाचा हे सहज समजते; रोमन लोकांनी शेवटचाही मान ठरवून ठेवला होता, हे या विधीतून शिकायला मिळते. मग ओट्यावर निरांजन लावायचे, त्यात पिठाची आणि मिठाची एक चिमूट वाहायची, आणि त्या दिवशी शिजलेल्या अन्नातला पहिला घास एका स्वच्छ वाटीत बाजूला काढायचा. रोमन लोक तो विस्तवात टाकत. गॅसच्या बर्नरवर ते करू नये. तो घास नंतर गॅलरीत पाखरांना ठेवावा.

पिठाबद्दल दोन शब्द अधिक लिहिते, कारण इथे आपल्याला एक सोय मिळाली आहे. वेस्टल ज्या धान्याचे पीठ करत ते साधे गहू नव्हते. ते टरफलाचे जुने गहू होते, आणि तोच वाण आपल्याकडे खपली म्हणून टिकून आहे. सांगली, सातारा, कोल्हापूर आणि उत्तर कर्नाटक या पट्ट्यात तो अजून पिकतो; खपलीची खीर आणि पोळी आपण खातो. मे महिन्यात ७ ते १४ तारखांच्या दरम्यान तीन ज्येष्ठ वेस्टल एक दिवसाआड कणसे गोळा करत, ती भाजत, कुटत, दळत; आणि वर्षातून तीनदा त्या पिठात मीठ मिसळत.  आपण हे धान्य किराणा दुकानात मागू शकतो. तव्यावर चमचाभर खपली पीठ खमंग भाजून त्यात जाडे मीठ कुटून मिसळले की देवीचे पीठ तयार झाले. एका बरणीत ते महिनाभर पुरते.

प्रार्थनेला ठरलेला मंत्र नाही आणि मी तो रचलेलाही नाही. रोमन प्रार्थनेचा साचा मात्र ठाऊक आहे. देवतेला नावाने हाक मारायची, नाव चुकले असेल तर तिला आवडेल त्या नावाने ती ऐकेल असे म्हणायचे, आपण काय वाहतो आहोत ते सांगायचे, काय हवे आहे ते स्पष्ट मागायचे, आभार मानायचे. हे सगळे आपल्या मराठीत बोलावे. घरात कन्नड बोलणारी सून असेल तर तिने कन्नडमध्ये बोलावे. वेस्टाला लॅटिनची सक्ती नाही.

महिन्यातले तीन दिवस माळेचे : पहिली तारीख, पाचवी किंवा सातवी, तेरावी किंवा पंधरावी. मार्च, मे, जुलै आणि ऑक्टोबरमध्ये सातवी आणि पंधरावी धरायची, इतर महिन्यांत पाचवी आणि तेरावी. बेंगळुरूत हे सोपे जाते, कारण हाताच्या मापाने मोजून दिल्या जाणाऱ्या शेवंतीच्या आणि मोगऱ्याच्या माळा इथे कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतात. माळ शेगडीच्या मागच्या भिंतीवर, ज्योतीपासून दूर टांगावी. १ मार्चला जुनी वात काढून टाकून नवी वात लावावी आणि शेगडी सुटी करून धुवावी.

वर्षातला मोठा सण जूनमध्ये येतो. ७ ते १५ जून हे वेस्टालियाचे दिवस. इकडे नेमका तेव्हा पाऊस स्थिरावत असतो. त्या दिवसांत वेस्टाच्या देवळाचा आतला भाग स्त्रियांसाठी उघडत असे आणि त्या अनवाणी येत. ९ जून हा दळणाऱ्यांचा आणि पाव भाजणाऱ्यांचा दिवस असे. जाती थांबत, आणि वर्षभर जाते ओढणाऱ्या गाढवांच्या गळ्यात फुलांच्या आणि पावांच्या माळा घातल्या जात. बैलपोळा साजरा करणाऱ्या समाजाला याचा अर्थ सांगावा लागत नाही : ज्याच्या श्रमावर आपण जेवतो त्याच्या गळ्यात वर्षातून एकदा माळ पडलीच पाहिजे. मारतहळ्ळीत गाढवे आणि जाती नाहीत, पण अय्यंगार बेकऱ्या आहेत. पहाटेपासून भट्टीपुढे उभे असलेले कामगार आहेत. ९ जूनला त्यांच्याकडून पाव घ्यावा, त्यांना फुले आणि गोड काही द्यावे, आणि आभार शब्दांत मानावेत. १५ जूनला देऊळ झाडून केर टायबर नदीकडे नेला जाई आणि तेव्हाच नेहमीचे व्यवहार सुरू होत. आपण त्या दिवशी स्वयंपाकघराचे कानेकोपरे, फ्रिजच्या मागची जागा, डब्यांची फळी झाडून सण संपवावा.

इथे एक गोष्ट मी आग्रहाने मांडते. पाँपेईतल्या स्वयंपाकघरांत रंगवलेले देव बहुतेक गुलामांच्या डोळ्यांपुढे असत, कारण स्वयंपाक तेच करत. चुलीची देवता सगळ्या घराची, पण चुलीपुढचा धूर कोणाच्या डोळ्यांत जातो हे रोममध्येही ठरलेले होते. आपल्या अनेक घरांत पोळ्या करायला मावशी येतात. चार घरांचा स्वयंपाक उरकून त्या स्वतःच्या घरी जाऊन पुन्हा चूल पेटवतात. ज्या घरात मावशींना बसून चहा मिळत नाही, आजारपणात रजेचे पैसे कापले जातात, त्या घराने ओट्यावर निरांजन लावून वेस्टाचा मान राखल्याचे समाधान मानू नये. म्हणून वेस्टालियाच्या दिवशी मावशींना पगारी सुट्टी द्यावी आणि त्या दिवशीचा स्वयंपाक घरातल्या त्या माणसांनी करावा जी एरवी करत नाहीत. हे मी विधीचे अंग मानते, त्याच्या बाहेरचा उपदेश मानत नाही.

सावधगिरीच्या सूचनाही विधीइतक्याच गंभीरपणे घ्याव्यात. निरांजन सिलिंडरपासून, गॅसच्या नळीपासून आणि पडद्यांपासून दूर ठेवावे. शेगडी चालू असताना शेजारी ज्योत ठेवू नये. पेटता दिवा सोडून घराबाहेर पडू नये. वेस्टलांचा अग्नी अखंड होता, कारण राखायला सहा जणी होत्या. ज्या घरात दोघेही नऊ वाजता कामाला जातात तिथे ज्योत शांत करून जाणे हाच अग्नीचा मान आहे. या विधीसाठी सोवळे-ओवळे नाही. हात धुतलेले असावेत आणि ओटा स्वच्छ असावा एवढीच अट आहे. स्त्री, पुरुष, मूल, पाहुणा कोणीही तो करावा.

आपल्या आणि रोमन उपासनेत फरकही आहेत, ते पुसून टाकू नयेत. वेस्टाची भक्ती अभंगांतल्या विठ्ठलासारखी नाही. तिच्याशी कोणी भांडत नाही, तिला माउली म्हणून हंबरडा फोडत नाही. रोमन मनुष्य देवतेशी नेमकेपणाने वागतो : ठरल्या वेळी, ठरलेली गोष्ट, ठरल्या शब्दांत. आरंभी हे कोरडे वाटेल. सवय झाल्यावर त्यातली आदराची जात लक्षात येते. ज्याच्यावर आपले जगणे अवलंबून आहे त्याच्याशी दिलेला शब्द रोज पाळायचा, एवढेच तिथे मागितलेले आहे. मला स्वतःला या नेमाने माझ्या घरचा जुना नेमही नव्याने कळला. संध्याकाळी दिवा लावून शुभंकरोती म्हणणे, आषाढी अमावास्येला घरातले सगळे दिवे घासून मांडणे, नैवेद्याभोवती पाणी फिरवणे या कृती मी लहानपणापासून करत आले. एका दूरच्या देशात याच कृतींसाठी माणसांची घरे जप्त होऊ शकत होती हे कळल्यावर त्यांचे मोल माझ्या लेखी वाढले.

पुढच्या प्रकरणांत रोजचा विधी पायरीपायरीने दिला आहे. त्यानंतर महिन्याचे तीन दिवस, वर्षाचे सण, पीठ करण्याची कृती, पीजीतल्या आणि इंडक्शनवाल्या घरांसाठीचे बदल, आणि मुलांना सांगण्याच्या चार गोष्टी आहेत. प्रत्येक प्रकरणात जुन्या लेखकांच्या आधाराने आलेले काय आणि मी सोयीसाठी ठरवलेले काय, हे वेगळे दाखवले आहे. वाचकाने पहिल्या दिवशी सगळे करायला जाऊ नये. ओटा पुसणे, दिवा आणि पहिला घास या तीन गोष्टींपासून सुरुवात करावी. त्या अंगवळणी पडल्या की माळ आणि पीठ आपोआप जोडले जातील. आणि त्यातले काहीच जमले नाही, तरी आपल्या घरात रोज अन्न शिजवणाऱ्या माणसाचे नाव घेऊन आभार मानावेत. वेस्टाची उपासना तिथून सुरू होते, आणि जुन्या प्रथेप्रमाणे शेवटचा मानही तिथेच द्यायचा असतो.

मारतहळ्ळी, बेंगळुरू
१ मार्च